'कातळफूल'च्या तीन कॅसेटी

१० नोव्हेंबर
लांज्याच्या पाच दुकानांत षट्कोनी पेन्सिल मिळू नये, ही बाब शासनाने गांभीर्याने घ्यावी. कॅसेटची सैल फीत गुंडाळायला षट्कोनच लागतो. गोल पेन्सिल चाकात भोवळ आल्यासारखी नुसती फिरते. आचार्य झालो, पण हे ज्ञान एकाही शास्त्रात सापडलं नव्हतं.

बाकी आगमन सुखाचं. सुनंदाकाकूंनी दिलेली माडीवरची खोली हवेशीर. खाली काजू सोलणाऱ्या बायकांची अखंड विद्वत्सभा. 'कातळफूल' हा इथल्या चार पोरांचा बँड. १९९७च्या एकाच श्रावणात त्यांनी घरच्या घरी तीन डेमो कॅसेटी काढल्या, झेरॉक्सची कव्हरं लावली. त्या संगणकात उतरवायच्या आणि वर्तमानपत्राला मजकूर द्यायचा, हे माझं काम. चौघांपैकी ड्रमवाला महिपत तेवढा हयात. कॅसेटी त्यानेच दिल्या.

११ नोव्हेंबर
दुपारी पहिली लावली. सुरुवातीलाच गाऱ्हाणं! इथे कार्यारंभी गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले 'होय म्हाराजा' म्हणतात. गिटारींसाठी मानकरी कुठला यायला? पोरांनी आपणच घातलं: आमचा आवाज तुला वाहिला, तो गावोगाव पोचव रे म्हाराजा. त्यावर तिघांचं 'होय म्हाराजा'. सवयीने मीही पुणेरी ठसक्यात एक होकार ठोकून दिला. काकू अंगणातून हसल्या. म्हणाल्या, गुर्जी, आता नारळ पण तुमीच फोडा.

पहिल्या डेमोत तिघं गातात, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यात नुसती वाद्यं. समीक्षक याला अमूर्ताकडे वाटचाल म्हणतील.

खरखर काढायला पहिली फाईल सानिकाला धाडली. लेक पुण्यात ध्वनिमुद्रण शिकते. बापाच्या व्याकरणाची परिणती.

१३ नोव्हेंबर
घसा पार बसला. काकूंचं मत, माणूस जरा बरा वाटतो असा.

पुन्हा पहिली कॅसेट लावली. तीन होकार, मग चौथा. कोकणी हेल नसलेला, पुणेरी, ठसक्यातला. तीनदा मागे नेऊन ऐकला. चौथा माझा आहे. मी ती कॅसेट नुसती वाजवली होती. टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतं.

१४ नोव्हेंबर
महिपत आला. गाऱ्हाण्याबद्दल कागदावर लिहून विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ते मी तेव्हाच पुसलंय, गुर्जी, तिथं कोरी फीत हाय. मग सगळं सांगितलं. गाऱ्हाणं मानकऱ्यानेच घालायचं असतं. पोरांनी थट्टेत घातलं, पुढच्या डेमोपर्यंत दोघांचा आवाज गेला, तिसऱ्यापर्यंत उरलेल्याचा. आवाजामागून श्वास. गणपती यायच्या आत तिघंही गेले. महिपत रेकॉर्डर सांभाळत होता म्हणून गप्प राहिला, म्हणून वाचला. तुमी नाय ना बोललाव, असं त्याने दोनदा विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

तो जाताच सानिकाला लिहिलं: फाईल ऐकू नकोस. उत्तर लगेच आलं. बाबा, कालच ऐकली, भारी आहे, मीपण होय म्हाराजा केलं. पुढे: आज माझा घसा बसलाय, तुमचाच संसर्ग फोनवरून आला.
शेवटी हसरा चेहरा.

१५ नोव्हेंबर
पाच होकार. पाचवा बारीक, हसू दाबलेला — तिचाच.

फीत उपसून चुलीत घातली. फाईल पुसली, तिलाही पुसायला लावली. दुपारी काकूंनी खालून विचारलं, गुर्जी, परत तीच लावलीत काय? यंत्राची भिंतीतून उपसलेली वायर माझ्या हातात होती.

१६ नोव्हेंबर, सकाळ
पुण्याची एस.टी. धरायला निघालो. चार पायऱ्या — बसावं लागलं. दम पुरत नाही. महिपत गाडी बघायला गेलाय.

दुपार
फोन लावला. तिने उचलला. मला बोलता येईना. तिलाही —
नुसता श्वास. इकडे माझा, तिकडे तिचा.
खोलीवर एकटी आहे, असं तिने मेसेजमध्ये लिहिलं. मैत्रिणीला बोलाव, दवाखान्यात जा, लिहिलं मी. पोचलं. वाचलेलं नाही.

तीन वाजले
फोन कानाशीच आहे. विनोद सुचत नाही. माझं काय, छप्पन्न झाली. ती एकोणीस वर्षांची आहे आणि ती फाईल मी तिला पाठवली. एवढीच भीती आहे, दुसरी नाही. तिचे श्वास मोजतोय. मघाशी दोन श्वासांमध्ये चार अंक होत होते. आता नऊ. आता —