कोरीणबाईचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

काम मिळालं. अंधेरीचा स्टुडिओ, कोरियन मालिका, मराठी डबिंग. मुख्य बाईचा आवाज माझा. आजवर कार्टूनमधल्या सशाची आई, जाहिरातीतली शेजारीण, कधी नुसती गर्दीतली बाई. आता त्रेचाळिसाव्या वर्षी हिरॉइन. आवाजापुरती का होईना.

तिचं नाव तोंडात बसत नाही. मी आपली कोरीणबाई म्हणते.

घरी सांगितलं तर लेक, तन्वी, किंचाळलीच. तिने ही मालिका आधीच पाहिलीय, कोरियनमध्ये, खालचं इंग्रजी वाचत. सोळा वर्षांच्या पोरीला लग्न मोडत आलेल्या बाईची गोष्ट का आवडावी, कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, "बरां झाला." नवऱ्याला, मिलिंदला, कळवायला फोन हातात घेतला. मग ठेवून दिला. दिवाळीनंतर तो बोरिवलीला मित्राच्या फ्लॅटवर राहतोय. ऑफिस जवळ पडतं म्हणून. असं आम्ही भांडुपात सगळ्यांना सांगतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिले दोन भाग झाले. गोष्ट अशी. नवऱ्याची नोकरी गेलीय, तो घरी सांगत नाही, रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसतो. कोरीणबाईला हे कळलेलं आहे. तीही बोलत नाही. रोज डबा भरून देते आणि दिवसेंदिवस त्यात भाजी कमी घालते. बस, एवढंच. व्हिलन नाही, सवत नाही. दोघंही भित्री, दोघंही थोडी दुष्ट.

डबिंगची गंमत म्हणजे माझ्या पडद्यावरच्या नवऱ्याला आवाज कोण देतंय मला माहीत नाही. तो वेगळ्या दिवशी येतो. एकाच स्वयंपाकघरातलं भांडण आम्ही दोघं वेगवेगळ्या दिवशी भांडून जातो.

नवीन नाहीये मला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाद. कोरीणबाईने नवऱ्याला 'तू' म्हणायचं की 'अहो'? संहितेत 'तू' होतं. वरून, चॅनेलकडून, फोन आला की 'अहो' करा, मराठी फॅमिली ऑडियन्स आहे. मी केदारला म्हटलं (आमचा डबिंग डायरेक्टर, पोरगेलासा आहे, पण कान चांगला), अरे, ती त्याच्या अंगावर उशी फेकते. उशी फेकताना 'अहो' कसं म्हणणार?

"ताई, तुम्ही घरी काय म्हणता?"

"सध्या काहीच नाही."

तो हसला. मग हसायचा थांबला.

शेवटी दोन्ही टेक दिले. खरं उत्तर असं की लग्नाआधी तू, लग्नानंतर सासूबाईंसमोर अहो, बाहेर तू. आणि गेली काही वर्षं, "ऐकलं का, सिलेंडर संपलाय."

१६ फेब्रुवारी, रविवार

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मालिकेचं वेड लागलंय. दुपारी तन्वी मोबाईल टेकवून बसते आणि आजीला मराठीत सांगत जाते. आई आयुष्यात देवळाच्या आणि दवाखान्याच्या पलीकडे गेल्या नाहीत. पण कोरियातल्या त्या बाईची आई आजारी पडली तर यांचा डोळ्याला पदर.

आज नवरा बराच वेळ बाकावर नुसता बसलेला दाखवला. बायकोला सांगत का नाही म्हणून आई त्याच्यावर चिडल्या. "त्या घोवाक तोंड नाय काय? सांग ना रे बायलेक!"

तुमच्या मुलाला आहे का तोंड, हे अगदी ओठांवर आलं. कोथिंबीर निवडत बसले.

मि. गेला त्या दिवशी आई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुमचा दोघांचा काय ता तुमी बघा." आणि नंतर शेजारच्या काकूंना म्हणाल्या की सून जरा तोंडाळ आहे. मी घरात होते. ऐकू यावं असंच म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

तन्वी बाबाकडे जाऊन आली.

"आई, बाबा पण बघतो ती सिरियल. मीच लावून दिलेली. तो रडला गं आज. चष्मा काढून."

कशाला रडला?

"ती एकटी भांडी घासत असते ना, आणि तो दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघतो, आत येतच नाही. त्या सीनला. म्हणाला, बिचारी किती दमलीय."

मी हं म्हटलं. आणि पोळी जाळली.

सतरा वर्षं बेसिनपाशी माझीही पाठच होती त्याच्याकडे. ती नाही दमलेली दिसली. हिची दिसली. हिच्यावर छान पिवळा उजेड आहे, मागे पियानो आहे. आणि मुख्य म्हणजे हिच्यासाठी रडून झालं की उठून कढई घासायला लागत नाही.

रात्री झोपताना पुन्हा विचार आला, मी तरी कुठे वेगळी आहे. तो कोरियन नवरा बागेत बसून राहतो, तर मला त्याची दया येते. लाज वाटली असेल, कसं सांगणार, असं सगळं समजतं. मि. गप्प बसला की मला दया बिया काही येत नाही. थोबाडावर पाणी मारावंसं वाटतं.

४ मार्च, मंगळवार

तो मोठा सीन आज. ती दोघं वेगळी राहायला लागलीत, तो सामान न्यायला येतो आणि ती पहिल्यांदा बोलते. संहितेत आमच्याकडे असं लिहिलेलं: "माझंच चुकलं. मला माफ करा."

तन्वीने मला घरून सांगून पाठवलं होतं की मुळात ती माफी मागतच नाही. केदारला म्हटलं, मूळ भाषांतर काढ. काढलं. तिथे होतं, 'तू गेलास तेव्हा मला आधी बरं वाटलं. मग बरं वाटलं याची भीती वाटली.'

केदार म्हणाला, हे वर पास होणार नाही, ताई. बायको असं बोलली की लोक तिच्यावर चिडतात.

म्हटलं, चिडू देत. एकदा रेकॉर्ड तर कर.

केलं. एका टेकमध्ये. तिच्या ओठांशी बरोबर जुळलं. त्याने विचारलं, थोडं रडू आणता का आवाजात? म्हटलं नाही. जी बाई हे बोलते ती त्या वेळी रडत नसते.

काचेपलीकडे त्याने हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाला, एक सेफ्टीसाठी माफीचा पण देऊन ठेवा. दिला. त्यात रडलेसुद्धा. ते मला चांगलं येतं.

परतीची बस पवईला अडकली होती. खिडकीतून तळ्याकडे बघत तेच वाक्य पुटपुटत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

१२ मार्च, बुधवार

आई आज न विचारता बोलल्या. मी वाल सोलत होते, त्या मदतीला बसलेल्या. मोबाईल बंद होता.

"तुजो सासरो गिरण बंद झाल्यार असोच बसलेलो. दोन वर्सां. तो बोलूक नाय, मी पण इचारूक नाय."

मग?

"मग काय. मग मेलो."

मी हात थांबवला. त्यांनी नाही थांबवला. वाल सोलतच म्हणाल्या, ह्या सिरियलीतल्या पोरीसारखा कोणी तेव्हा दाखवला असता, तर निदान समाजला असता की आपल्याच घरात असा नाय.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, या बाईच्या शेजारी बसावं. बसलेच होते म्हणा. धीर करून म्हटलं, आई, मग मिलिंदला तुम्ही का नाही विचारत?

टोपली उचलून आत गेल्या. आतून आवाज आला, "तो थकलेलो आसा. तू वायच नमता घे."

झालं. पडद्यावरचीने बोललं पाहिजे आणि घरातलीने नमतं घेतलं पाहिजे.

१९ एप्रिल, शनिवार

मि. ने बोलावलं होतं. मुलुंडला, स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे. बारीक झालाय. शर्टाला इस्त्री नाही. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला.

मित्र लग्न करतोय. फ्लॅट सोडावा लागणार. "म्हणून म्हटलं, मी येऊ का परत?"

म्हणून.

मी विचारलं, का गेला होतास?

"ते सोड ना आता यार."

कोणी बाई असती तर बरं झालं असतं. लोकांना सांगायला सोपं पडलं असतं. मला स्वतःलाही. पण बाई नाही, दारू नाही, मारहाण नाही. एक दिवस बॅग भरली आणि "मला जरा मोकळं राहायचंय" म्हणून गेला, शेंगदाणे संपलेत सांगावं तसं.

मग तोच म्हणाला, "तुझी ती सिरियल बघितली मी. सगळी. ते दोघं शेवटी बोलतात ना, ते... आपलं पण तसं होऊ शकतं."

"मग बोल ना."

इडली चमच्याने कापत राहिला. बारीक बारीक. शेवटी म्हणाला, "त्याला कोणीतरी लिहून देतं गं."

"मला पण लिहूनच देतात," म्हटलं. "माफी मागायचं."

त्याला कळलं नाही. मी समजावलं नाही. एवढंच सांगितलं की तू का गेलास ते आधी सांग, मग येण्याचं बघू. तो हो म्हणाला. 'हो'नंतर त्याने बिल मागवलं.

१४ जून, शनिवार

मालिका मराठीत आली. घरच्या टीव्हीवर सगळे मिळून बघितली. आई, तन्वी, शेजारच्या काकू. माझा आवाज त्या गोऱ्या, नितळ चेहऱ्यातून येत होता. छान वाटलं, खोटं का बोला.

मग तो सीन आला. कोरीणबाई म्हणाली, "अहो, माझंच चुकलं. मला माफ करा." माझ्या आवाजात. हुंदका देऊन.

तन्वी ओरडली, "आई! हे काय! ती असं म्हणतच नाही!"

आई डोळे पुसत म्हणाल्या, "आता कशी बरी बोलली."

काकूंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "काय गं आवाज लागलाय तुझा. एकदम मनातून."

केदारचा मेसेज होता, सॉरी ताई, खूप भांडलो. मी अंगठा पाठवला.

१५ जून, रविवार

सकाळपासून नातेवाइकांचे फोन. सगळ्यांना तोच सीन आवडलाय. मि. चा मेसेज: 'ऐकलं. थँक्यू.'

थँक्यू. त्याला वाटलं, मी त्याला म्हटलं.

तन्वी माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणते, तू नाही म्हणायला हवं होतंस. मी तिला सांगू शकले असते की मूळ वाक्यही मी म्हटलं होतं, तो टेकही आहे कुठेतरी. नाही सांगितलं. कोणी ऐकला नाही तो.

२२ जून, रविवार

सकाळी दहाच्या सुमारास बेल. मि. दारात, दोन बॅगा. कळवलं वगैरे काही नाही.

मी दारातून बाजूला झाले नाही. मुद्दाम नव्हे, पाय हललेच नाहीत. तो चपला न काढता उभा. तन्वी बेडरूमच्या दारात. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मी गेलो ना, तेव्हा..."

शप्पथ. सुरुवात केली होती त्याने. घामाघूम झाला होता, ओठ हलत होते. मी जागच्या जागी थांबले. माईकसमोर थांबते तशी, श्वाससुद्धा आवाज करू नये म्हणून.

आतून आई आल्या. "इलस? आदी पानी पी बाबा. उन्हातना इलस."

पाणी प्यायला. पेला ठेवला. वाक्य राहिलं ते राहिलंच.

आता बॅगा हॉलमध्ये, चेन न उघडलेल्या. तो खुर्चीत. तन्वीने खोलीचं दार लावून घेतलंय. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. आई तांदळाचा डबा उघडून विचारतायत, "भात कितक्या जणांचो घालू?"

म्हटलं, थांबा जरा.

हॉलमध्ये तो खाकरला. बोलायला घसा साफ करतोय बहुतेक. किंवा नुसताच खाकरला असेल.