सम्यकचे पंचावन्न

१२ एप्रिल, रविवार

डोकं फिरलंय आज. सम्यकला ‘बघायला’ माणूस आला होता. लोरेंझ नावाचा जर्मन, स्पोर्टइंटर्नाटचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा. इंटर्नाट म्हणजे तिथेच राहायचं, तिथेच शाळा, तिथेच खेळ. त्यात घेतलं तरच बेसबॉलमध्ये पुढे काही खरं, असं स.चा ट्रेनर उवे दोन वर्षं सांगतोय. पोरगा सोळाचा. कॅचर आहे. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, विकेटकीपरसारखं, पण तोंडाला जाळी लावून.

लोरेंझकडे स्टॉपवॉच, स्पीड मोजायची ती बंदूक, क्लिपबोर्ड. स.ने बॉल पकडून दुसऱ्या बेसवर फेकायचा, याने घड्याळ दाबायचं, लिहायचं. पुन्हा फेक. पुन्हा लिही. पोराशी एक शब्द नाही. मग माझ्याकडे आला. वरपासून खालपर्यंत बघून विचारतो, वडिलांची उंची किती? म्हटलं, वारूम, कशाला? तर म्हणे मुलगा अजून किती वाढेल याचा अंदाज घ्यायचाय. बैलबाजारात दात बघतात तसं. मी पाच फूट एक. विनयची उंची चार सेंटीमीटर वाढवून सांगितली.

ट्राममध्ये स.ला विचारलं, कसं झालं रे? ‘पास्ट शोन.’ ठीक आहे म्हणे. दोन तास उन्हात उभी राहून माझ्या वाट्याला एवढंच.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती म्हणून उरलाउब, रजा, घेतला होता. सकाळी वंदना, खीर, नागपूरला आईला व्हिडिओ कॉल. छान चाललं होतं. साडेअकराला लोरेंझचा मेल. सोबत एक तक्ता.

बॅटिंग ४०. ताकद ४५. धावणं ३५. पकडणं ५०. थ्रो ५५. सगळ्यात खाली मेक-अप ६०.

मेक-अप! सोळा वर्षांच्या पोराचा मेक-अप यांनी कधी पाहिला कोण जाणे. तेवढ्यात मात्र फर्स्ट क्लास.

धावण्यात पस्तीस. काठावर पास. आणि ज्या थ्रोसाठी उवे त्याला डोक्यावर घेऊन नाचतो, त्यात पंचावन्न. आणि वर मेलमध्ये काय, तर मे महिन्यात तीन दिवस राहून चाचणी द्यायला बोलावतोय, शुक्रवारपर्यंत कळवा. असे मार्क देऊन कोणी बोलावतं का? वेबसाइट उघडून बघितली. सगळी गोरी पोरं, एका रांगेत. मग लक्षात आलं. पहिल्या पानावर एक सावळा चेहरा हवाय.

मला बारावीला एक्याण्णव होते. एक्याण्णव. तरी हॉस्टेलमधली ती रूममेट केस विंचरता विंचरता म्हणाली होती, ‘तुमचं काय बाई, तुम्हाला पंचेचाळीसवरही मिळतं.’ तिला स्वतःला अठ्ठ्याहत्तर. पंचवीस वर्षं झाली. माझ्या पोराला कोणी पंचेचाळीस देऊन वर उपकार म्हणून आत घेणार असेल, तर नको आम्हाला.

वि. म्हणाला, ‘अगं, उवेला एकदा विचार तरी. आणि स.ला?’

म्हटलं, तुलाही ऐकवलंय लोकांनी. तू विसरलास. मी नाही विसरले.

दुपारी मेल लिहिला. छान कडक जर्मनमध्ये. आम्ही नकार देत आहोत, माझा मुलगा तुमच्या ब्रोशरसाठी नाही. दोघांची नावं खाली. स.ला सांगितलं नाही, रविवारी सांगू. पाठवून टाकल्यावर इतकं बरं वाटलं की दोन वाट्या खीर खाल्ली.

१७ एप्रिल, शुक्रवार

स. ट्रेनिंगहून आला. बूटसुद्धा काढले नाहीत. ‘डू हास्ट आबगेझाग्ट?’ तू नकार कळवलास?

उवेने सांगितलं होतं त्याला. मी सुरू झाले, की अरे पस्तीस काय, पंचेचाळीस काय, आम्ही तुला यासाठी...

त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग अगदी हळू, शेजारच्या फ्राउ वेबर कमी ऐकतात त्यांच्याशी बोलतो तसं, म्हणाला, ‘मम्मा. आख्त्सिश इस्ट दास माक्सिमुम.’

ऐंशीच्या वर काही नाही. विसाच्या खाली काही नाही. शंभर नसतातच. पन्नास म्हणजे सरासरी, आणि कोणाची, तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळतात त्यांची. हा मुलगा मोठा होऊन कुठवर जाईल, त्याचा तो अंदाज. पंचावन्न थ्रो म्हणजे त्या लोकांच्या सरासरीहून बरा. लोरेंझने या वर्षी थ्रोला पंचावन्न दुसऱ्या कोणालाच दिलेले नाहीत. कॅचर सगळेच हळू धावतात, पस्तीस चालतं. आणि मेक-अप म्हणजे स्वभाव. हरताना डोकं कसं ठेवतो ते.

म्हटलं, मग लिहायचं ना तसं वर! वीसपासून ऐंशी, ही काय पद्धत झाली? तुमच्या शाळेत एक म्हणजे पहिला आणि सहा म्हणजे नापास, ते शिकायला मला दोन वर्षं लागली. आता हे.

तो म्हणाला, ‘डू हेटेस्ट फ्रागन क्योनन.’ विचारता आलं असतं तुला. आणि खोलीत गेला.

माझं कामच आकड्यांचं आहे. औषधं तपासायची लॅब, दिवसभर मशीनं कॅलिब्रेट करायची. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी बजावते, रेंज बघितल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. मागच्या महिन्यात त्यावरून एका मुलीला रडवलंय. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

वि. ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाला नाही. त्याचाही रागच आला.

१८ एप्रिल, शनिवार

फ्रँकफुर्टला जयंतीचा कार्यक्रम. स. आला नाही. जो तो विचारतोय, ‘ताई, सम्यक कुठाय?’ म्हटलं, अभ्यास. मला यंदा चार शब्द बोलायला सांगितलं होतं, शिक्षणावर. बोलले. टाळ्या पडल्या. तोंड वर करून कोणाकडे बघवेना.

२० एप्रिल, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या जिन्यात उभी राहून लोरेंझला फोन. माफी मागायची म्हणून सगळं पाठ केलं होतं. त्याने उचलला आणि मी विसरले. सरळ सांगून टाकलं, मला वाटलं शंभरपैकी आहेत.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘हे बघा, फ्राउ मेश्राम, ते मी समजू शकतो. पण तुमचा मेल मी एकट्याने नाही वाचला.’ कमिशनमध्ये, म्हणजे निवड समितीत, गेलाय. तिथे लोक दुखावलेत. ब्रोशरच्या शब्दावरून.

मी म्हटलं, तो माझा गैरसमज होता.

तो मग म्हणाला, खोटं बोलणार नाही. मीटिंगमध्ये एकजण बोलला होता, हा मुलगा फोटोत छान दिसेल. ‘मी नाही. आकडे माझे आहेत, ते खेळाचे आहेत.’

जिन्यातच खाली बसले मी. म्हणजे मी चुकले, आणि चुकलेही नाही. आता या रागाचं काय करायचं?

मार्ग एकच, म्हणे. गुरुवारी दुपारपर्यंत सम्यकने स्वतः लिहायचं. आईवडिलांनी नाही. त्याला यायचंय, आणि घरून गेलेला मेल तो मागे घेतो. पूर्ण मेल.

‘पूर्ण’ वर जोर दिला त्याने. गेनाऊ, बरोबर, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२१ एप्रिल, मंगळवार

स.ला सगळं सांगितलं. वि. म्हणत होता फोटोचं सांगू नकोस, जाऊ दे. पण एकदा त्याच्या पाठीमागे करून झालंय.

सांगितलं. वाटलं, पोराचं तोंड उतरेल. तो ग्लोव्हला तेल लावत बसला होता, थांबलासुद्धा नाही. ‘वाइस इश.’ माहीत आहे.

काय माहीत आहे?

लहान टीममध्ये होता तेव्हापासून, दर फोटोत त्याला पुढे मध्ये बसवतात. बॅटिंग शून्य होती तेव्हाही. ते सगळे फोटो माझ्याकडे फ्रेम करून आहेत. नागपूरला पाठवलेत मी, बघ आई, तुझा नातू मधोमध. म्हटलं, मग बोलला का नाहीस रे कधी?

त्याने खांदे उडवले. बॉल कोणीही पकडून देत नाही, म्हणाला, तो मलाच पकडावा लागतो.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. रागानेच. कोणावर ते आता नीट सांगताही येत नाही. त्या मीटिंगमधल्या माणसावर तर आहेच.

२२ एप्रिल, बुधवार

लॅबमधून लवकर निघाले. स. लॅपटॉप उघडून बसलेला. त्याला जायचंय. भयंकर जायचंय. सकाळपासून टोस्टसुद्धा खाल्लेला नाही, उजव्या हाताची नखं कुरतडून ठेवलीत, तोच थ्रोचा हात.

मी म्हटलं, आण इकडे, मी सांगते तसं लिही. माझ्या आईने आकडे चुकीचे वाचले, तिला पद्धत माहीत नव्हती. लिहिलं त्याने. म्हटलं, आता लिही, ब्रोशरबद्दल ती जे बोलली ते निराधार होतं, मी तो मेल मागे घेतो.

त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. ‘दास श्टिम्ट आबर नीष्ट.’ पण ते खरं नाहीये.

म्हटलं, नसू दे. लिही. एक ओळ आहे. माझी लाज मी बघून घेईन, तू लिही.

नाही म्हणाला. समजावलं, ओरडले, वि.ला मध्ये घातलं. मेल तिथेच अडकलाय. गैरसमजाचं वाक्य आहे, त्यानंतर रिकामं. मी टाइप करायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं, जोरात नाही, आणि बाजूला ठेवलं.

उद्या दुपारी बाराला मुदत संपते. वि. म्हणतो, त्याला त्याचं ठरवू दे, तू आता किचनमध्ये जा. किचनमध्येच बसून लिहितेय हे. बाहेरून अजून टाइप केल्याचा आवाज नाही.