सवाष्णीचं पान

आष्टा,
२ सप्टेंबर २०२५

चि. वीरधवल यास राहीआत्याचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फोन मुद्दाम केला नाही. रेश्मा माहेरपणाला आली आहे आणि आपल्या घरात सगळं ऐकू जातं. तू लिहिलेली भुताची मालिका पाहिली. दर भागाला नवी गोष्ट, नवं भूत, म्हणून मीच कौतुकाने गल्लीतल्या बायका बोलावल्या, भडंग केलं. आणि तिसऱ्या भागात माझी धाकटी जाऊ, रेश्माची आई दीपमाला निघाली.

बाळंतपणात गेलेली बाई. अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, आणि पानावर बसेल तिच्या अंगात ती शिरते. मग दारोदार फिरते, मला एकदा पोर दाखवा म्हणत. दीपमालाचं ते शेवटचं बोलणं चोवीस वर्षं मी पोटात ठेवलं. गेल्या दिवाळीत तुझ्याजवळ बोलले, तू आपल्या रक्ताचा म्हणून. केसाने गळा कापलास.

दरवर्षी तिच्या पानावर बसणाऱ्या रंगुबाईंनी निरोप धाडलाय, औंदा जमायचं न्हाई. नवमी तेरा दिवसांवर आली.

तुझी
राहीआत्या

सातारा,
७ सप्टेंबर

ती. राहीआत्यास वीरधवलचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं. दहा गोष्टींतली एक कमी पडत होती, एका लेखकाने आयत्या वेळी अंग काढून घेतलं. मी नाव बदललं, गाव बदललं. पण खोटं कशाला बोलू? तू रडत सांगत होतीस तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की याचा भाग चांगला होईल.

नवमीला तुझ्या भाचेसुनेला, अंकिताला पाठवतो. ती असलं काही मानत नाही, खुशाल बसेल पानावर. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा भाचा
वीरधवल

आष्टा,
१६ सप्टेंबर

चि. वीरधवल यास आशीर्वाद.

अंकिताला येऊ नको म्हणून मीच कळवलं. जी मानत नाही तिने दीपमालाच्या पानावर कशाला बसायचं?

काल पुरणावरणाचं केलं, खण-नारळ ठेवला, पान मांडलं. चार घरं फिरले. एकीच्या सुनेला दिवस गेलेत, एकीने मला बघून दाराला कडी घातली. बारा वाजून गेले तेव्हा रेश्माच पाटावर बसली. वैशाखात लग्न झालंय तिचं. मी म्हणाले, पोटच्या लेकीनं बसायचं नसतं. ती म्हणाली, आवं थोरल्या आई, आईचं भ्या न्हाई अशी गावात मी एकटीच हाय.

जेवता जेवता तिने विचारलं, आई खरंच तसं म्हणाली व्हती, का दादानं रचलंय? दीपमाला पोर मागत होती तेव्हा रेश्मा माझ्याच हातात होती. सुईण म्हणाली, जाणाऱ्या जिवाची नजर लेकराला नको, आणि मी पाठ फिरवली. हेही तुला सांगितलं होतं. तेवढं गाळलंस, तुझे उपकार. मी रेश्माला सांगितलं, दादानंच रचलं. ती पोळी मोडत म्हणाली, मला वाटलंच. आईनं मागितलं असतं तर तुमी मला दावलं नसतं, असं कसं व्हईल?

पान तिने चाटूनपुसून संपवलं. मी तिच्या ओटीत खण-नारळ घातला.

तुलाही ती विचारेल. रचलं म्हणून सांग. तेवढं तुला जमेल.

आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत. बोलण्यासारखं मात्र आता तुझ्याजवळ काही ठेवणार नाही.

राहीआत्या