सहा क्रेटची हजेरी

आई, उद्या कंपनीत पुन्हा मोजणी आहे. साहेब घड्याळ घेऊन लाइनवर उभा राहणार, डाळिंबाच्या दाण्यांचा एक क्रेट भरायला किती वेळ लागतो ते बघणार आणि त्यावर दिवसाला किती क्रेट भरले की पूर्ण हजेरी, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, ते सगळ्या बायकांसाठी ठरणार. माझ्या बोटांची आता सकाळी मूठसुद्धा वळत नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी आज बोलायला दुसरं कोणी सुचत नाही.

निमोण्याहून आपण दोघी एकाच गाडीतून जायचो. पहिल्या मोजणीच्या दिवशी भाकरी थापता थापता तू मला बजावलंस, "सायब मागं उभा ऱ्हायला की हात सैल सोड. न्हाईतर तुझ्यापायी समद्यांची हजेरी बुडंल." मी हसले. विशीतली होते, हाताला वेग होता आणि त्याचा तोरा त्याहून मोठा. साहेब दिवसभर माझ्याच मागे रेंगाळला. सुट्टी होईपर्यंत माझे सहा क्रेट भरले होते. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनाच सहा भरले तरच पूर्ण हजेरी, नाहीतर अर्धी. तुझे कसेबसे साडेचार व्हायचे. पगाराचं पाकीट हातात घेऊन तू एवढंच म्हणालीस, "व्हय, माझंच हात म्हातारं झालं." त्यापेक्षा चार बायकांत मुस्काटात मारली असतीस तर बरं झालं असतं.

आता सहा भरताना माझाच जीव जातो. उद्या आकडा वाढला तर अर्ध्या हजेरीवर घर कसं चालवू? धाकट्या लेकीची नर्सिंगची फी कुठून भरू? आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या पोरीचा हात धरला आणि तुझेच शब्द तिला सांगितले. नुकतं लग्न होऊन आलेली पोर ती. हात सोडवून घेत म्हणाली, "मावशी, सायब मला पर्मनंट करतो म्हनलाय. मी कशापायी सैल सोडू?" मला तिचा राग येईना. संडासात जाऊन रडले आणि पुन्हा लाइनवर उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. त्या पहिल्या मोजणीच्या दिवशी साहेबानं मला लाइन लीडर करतो म्हटलं होतं. तू माझ्या शेजारीच चौथ्या क्रेटवर अडकली होतीस, धापा टाकत होतीस. मला दिसत होतं, आई. तरी मी हात थांबवला नाही.