तांबटांच्या चौकातली मागणी

फेझ, ३ मार्च

चि. बतूल हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र बसवाल्याने पोचवलं. जहूर आता बोलते आणि माझा फोटो बघून आजोबाला 'बासिदी' अशी हाक मारते, हे तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. तिचा आवाज ऐकवतो म्हणून तुझ्या भावाने, मफद्दलने, फोन माझ्या कानाशी धरला. मला नुसती माशी गुणगुणल्यासारखं झालं. चाळीस वर्षं तांब्यावर हातोडा मारला, त्याने कान खाल्ले. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, होताही कामा नये. भांडं ठोकून त्याचा नाद ऐकणारा तांबट बहिरा निघाला, तर गिऱ्हाईक उभं राहील का?

म्हणून तू काम करतेस त्या ऑनलाइन दुकानातलं कानाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. किंमत चौदाशे दिरहम होती. मी पाठवते म्हणू नकोस, लेकीच्या पैशाने नातीचा आवाज ऐकायचा नाही मला. पण पहिल्या बोलीला वस्तू उचलणारा मी नव्हे. रीतसर घासाघीस केली. यंत्र बघितलं, तोंड वाकडं केलं, निघून गेलो. दुपारी परत आलो. टोपलीत घातलं, बाहेर काढलं. मग तुझ्या आईला पाठवलं, मावशीला पाठवलं, मफद्दलला तर दिवसातून सहा वेळा. आठ दिवसांत कुठलाही दुकानदार मऊ होतो. याने अठराशे केले! असा कडू माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. तुझ्या ओळखीचा असेल तर दोन शब्द टाक त्याच्या कानात.

जहूरला पापे. बाकी आम्ही सुखरूप, तुझी आठवण रोजची.

तुझा बाबा,
अब्देलवाहेद

कासाब्लांका, ७ मार्च

ती. बाबांस, सा. सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात एवढी हसले की शेजारणीने पाणी आणून दिलं. बाबा, तिथे माणूसच नाही. भाव ठरवणारी गणकयंत्रं आहेत. तुम्ही बघून परत गेलात की ती म्हणत नाहीत, गिऱ्हाईक चाललं, उतरा खाली. ती म्हणतात, एक आला, दुसरा आला, अजून कुणाला तरी हवंय, चढवा भाव. आपल्या घरानेच आपला भाव चढवला.

तीन वर्षं मी इथे भाव खात्यात आहे, तरी त्या पडद्यापुढे उभी राहिले की अजून थक्क होते. मर्राकेशला ऊन तापलं की लोक खिडक्या बंद करायच्या आत पंख्यांचा भाव हललेला असतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. लाखो घरांतल्या लाखो इच्छा, आणि त्या समुद्रासारख्या वरखाली होताना दिसतात.

तर दहा दिवस कुणीही ते यंत्र बघू नका, भाव आपोआप उतरेल. मात्र त्याहून उशीर नको. जहूरचे बोबडे बोल काही वाट बघत बसणार नाहीत, रोज एक शब्द सरळ होतोय.

आईला सलाम. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
बतूल

फेझ, १९ मार्च

चि. बतूल हिस, अ. उ. आ.

मफद्दलचा फोन पिठाच्या डब्यात घातला. मावशीकडून शपथ घेतली. दहा दिवस घरातल्या कुणीही डोळा उचलला नाही. काल मफद्दलने एकदाच बघितलं, तर साडेएकवीसशे!

तुझी आई म्हणते, यांच्याशी बोलण्यापेक्षा परातीशी बोलले असते तर निदान घुमून उत्तर आलं असतं, आता ते भावाचं यंत्रही बहिरंच निघालं. काहीतरी चुकतंय पोरी. तूच बघ आणि कळव.

तुझा बाबा

कासाब्लांका, २२ मार्च

ती. बाबांस, सा. सलाम वि. वि.

मी बघितलं. भाव ठरवणाऱ्या यंत्राचं काही चुकलेलं नाही. तुमच्या घरचे फोन गप्प असणारच, पण फेझमधले दुसरे सव्वीस फोन रोज तेच कानाचं यंत्र बघताहेत. नावं मला दिसत नाहीत, दिसू नयेतच. वेळ मात्र दिसते. दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, हातोडे थांबतात त्या अर्ध्या तासात. प्रत्येक जण टोपलीत घालतो, काढतो, निघून जातो.

बाबा, तुमच्या चौकात तांबट किती? मी तो आलेख बघत उभी होते आणि अंगावर काटा आला. ही घासाघीस नव्हे हो, सगळ्यांनाच ते यंत्र हवंय. मला आधी कळायला हवं होतं, त्याच ठोक्यांत लहानाची मोठी झाले मी.

तुमची,
बतूल

फेझ, २६ मार्च

चि. बतूल हिस, अ. उ. आ.

माझ्यासकट सत्तावीस.

तुझं पत्र वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. शेजारच्या तहामीने अस्रनंतर पाठ फिरवली आणि फोनवर वाकला. पलीकडचाही वाकला. चाळीस वर्षं मी तहामीला खेटून बसतो, एकाच किटलीतला चहा पितो. मला वाटायचं तो मोठ्याने बोलतो कारण स्वभावाने रागीट आहे. त्याला माझ्याबद्दल तेच वाटायचं म्हणे. आणि ज्या गणकयंत्राने आमचा चौक कधी पाहिला नाही, त्याला आम्हा सगळ्यांचं दुखणं ठाऊक! अल्लाहने माणसाच्या हातून काय काय घडवलं!

शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. चौकाचा मुखिया, अमीन, मी, तेव्हा पहिली लाज मीच सोडली. म्हणालो, मला ऐकू येत नाही. निम्म्यांना ते ऐकूच गेलं नाही, पुन्हा ओरडून सांगावं लागलं. मग कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. तहामीने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

तांब्याच्या पत्र्याची गाडी आली की एकट्याने धावायचं नाही, सगळ्यांसाठी अमीनने घ्यायचं, ही आमची जुनी रीत. नाहीतर आपणच आपला भाव चढवतो. तेच ठरलं. आजपासून चौकातला एकही जण बघणार नाही. भाव उतरला की मी एकदम सत्तावीस मागवीन. तू फक्त वेळ सांग. ओळखीवर सूट मात्र घेऊ नकोस.

तुझा बाबा,
अब्देलवाहेद

कासाब्लांका, ७ एप्रिल

ती. बाबांस, सा. सलाम वि. वि.

आजच मागवा. तेराशे साठ, पडद्यावर सगळ्यांना दिसतोय तोच भाव. बारा दिवस अस्रनंतरचा तो अर्धा तास कोरा होता, एकही ठिपका नाही. इथे भल्याभल्यांना अर्थ लागेना. माझ्या साहेबांनी यंत्र तपासायला माणूस बोलावला. सत्तावीस म्हाताऱ्यांनी मिळून शब्द पाळलाय, हे त्यांना सांगून तरी पटलं असतं का?

रविवारी दुपारी फोन करते. जहूर तयार आहे.

तुमची,
बतूल

फेझ, १४ एप्रिल

चि. बतूल हिस, अ. उ. आ.

आता यंत्र आलं, फोनवर बोलता येतं, तर पत्र कशाला, असं तुझी आई विचारते. पण एक गोष्ट तोंडाने सांगायला जमेना.

रविवारी जहूर फोनवर बराच वेळ बोलली. सगळं ऐकू आलं का असं तू विचारलंस, आणि मी सगळं सगळं असं म्हणालो. ते खोटं होतं. तिने 'बासिदी' म्हटलं तेवढं मी लख्ख ऐकलं. पुढे मला रडूच आवरेना, त्यात तिचा एक शब्दही कळला नाही.

तेव्हा उद्या परत फोन कर. तिला म्हणावं, म्हाताऱ्यासाठी पहिल्यापासून सांग.

तुझा बाबा