चौथं झाड

३ मार्च

चारही शिरीष पडले. माझ्या शब्दावर! खोडावर लाकडी हातोडी ठोकून आतलं सांगणारा गल्लीत मी एकटाच. पोकळ खोड बद्द वाजतं, भरीव टण्. ही विद्या कुठल्या कॉलेजात नाही शिकलो — पुस्तकं आणून, शेकडो खोडं ठोकून शिकलो.

तीन बुंधे पोखरलेले निघाले. चौथा, शेजारच्या बाईंच्या दारातला — सालीपासून गाभ्यापर्यंत भरीव. करवतवाल्याने त्यावर तळवा फिरवला. "साहेब, हे तर चांगलं होतं की!" मी म्हटलं, "पोकळी वर असते कधी कधी." त्याने वर पाहिलं. वर आता काही नव्हतंच.

५ मार्च

सोसायटीचे अध्यक्ष : "नवीन झाडंही तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं इथे कळतंय कुणाला?" एरवी या वाक्यावर मी चार दिवस तरंगलो असतो. आज मी विषयच बदलला.

६ मार्च

यादी केली. विजेच्या तारांना भिडणारं नको. मुळांनी फरश्या उचलणारं नको. गटारात फळं पाडणारं नको. तीन खड्ड्यांना कांचन. चौथ्यापुढे जागा कोरी.

८ मार्च

बाई स्वतःच्याच फाटकात छत्री उघडून उभ्या! निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. "काय हो झाडोबा, नव्या झाडाची सावली कधी पडेल?" म्हटलं, सात वर्षांत. खरं तर दहा तरी लागतील. "मग थांबते बाई! तोवर मला रजा नाही." आणि खळखळून हसल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

९ मार्च

बायको : "अहो, टीव्हीचा आवाज केवढा मोठा! कान तपासून घ्या एकदाचे."

कान! हे मला कसं सुचलं नाही? कानानेच दगा दिला! कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. डॉक्टरांची वेळ घेतली.

१० मार्च

थांबवेना. बाईंना सांगून टाकलं — झाड चांगलं होतं, माझ्या कानाने घात केला. त्यांनी छत्री मिटून बुंध्याला टेकवली. मग म्हणाल्या, "मलाही हल्ली कमीच ऐकू येतं. वयापुढे कुणाचं चाललंय? मनाला लावून घेऊ नका." वर चहा पाजला. चौथ्या खड्ड्यापुढेही कांचन लिहिलं.

१२ मार्च

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. "दोन्ही कान पंचविशीतले आहेत हो तुमचे!"

उद्या बाईंकडे पुन्हा जायचं आहे. ते झाड टण् असंच वाजलं होतं. स्वच्छ. पण सोसायटीच्या बैठकीत मी ठोकण्याआधीच 'चारही पोकळ' सांगून बसलो होतो, आणि अध्यक्ष वही उघडून शेजारी उभे होते. मी म्हटलं, "पोकळ. लिहा."