काम पाहिलेलं माणूस

आटपाडी,
११ फेब्रुवारी २०२५

ती. मंगल वहिनींस,
सयाजीचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी ओसरल्यापासून आईचा गुडघा बरा आहे. सोनमची दहावीची परीक्षा दहा दिवसांवर आली, तिला जागरण करू देऊ नका. तासगावात तुमच्या भावाकडे बेदाण्याची गडबड सुरू झाली असेल.

पाकिटावर तुमच्या नावाआधी काही लिहिलेलं नाही. आजवर 'सौ.' लिहीत आलो. आता जे लिहायची रीत आहे ते हाताने लिहवेना, म्हणून नुसतं नाव घातलं. राग मानू नये.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. दादाचा फोन आता तुम्ही वापरता. तुम्ही लावलात की माझ्या मोबाइलवर 'दादा' असं नाव येतं. मग बोलायचं ते राहून जातं. तुम्ही विचारता, "जेवला का भावजी?" मी म्हणतो, जेवलो. तेवढ्यावर संपतं.

आता कामाचं. शारजात सोनं शुद्ध करायचा एक कारखाना आहे. तिथे मी अर्ज केला होता. ते मला घ्यायला तयार आहेत, एकच गोष्ट राहिली आहे. येत्या सोमवारी, १७ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास ते दादाच्या नंबरवर फोन करणार आहेत. म्हणजे तुम्हाला.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो.

कराडला आपल्या गलाईच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून मिस्बाहताईंचं कॉम्प्युटर सेंटर आहे. आखातात जाणाऱ्यांना त्या सीव्ही करून देतात. मी एक कागद लिहून नेला होता. मला बायोडाटा म्हणजे एकच ठाऊक, दादाच्या लग्नाच्या वेळचा. अक्षर चांगलं म्हणून आठवीत असताना तो माझ्याकडून लिहून घेतला होता, तुमच्या घरी आला तोच. त्याच धर्तीवर हाही लिहिला. वर श्री, खाली रास, देवक, मामाचं कूळ. मिस्बाहताईंना हसू आवरेना.

"भाऊ, शारजाला सोयरीक जुळवायचीय का नोकरी?"

"यात काय चुकलं?"

"सगळंच. त्यांना तुमचा मामा काय करायचाय? तुम्ही रोज काय करता ते सांगा. मला गलाईतलं काही कळत नाही, नवख्याला सांगितल्यासारखं सांगा. एका पानात बसलं पाहिजे."

मी सांगितलं, सराफ जुनं सोनं आणतात, आम्ही ते ॲसिडमध्ये विरघळवून त्यातली भेसळ काढतो, मुशीत वितळवतो आणि शुद्ध लगड परत देतो. चौदा वर्षं केलं. मी 'मेहनती, प्रामाणिक' असंही लिहिलं होतं, ते त्यांनी काढलं. म्हणाल्या, हे सगळेच लिहितात, त्यापेक्षा एखादी गोष्ट सांगा जी तुम्ही कधी चुकवत नाही. परदेशात सुरक्षितता आधी बघतात.

मी म्हटलं, ॲसिडपाशी आम्ही माणसाला एकटं सोडत नाही. एक जण कढईपाशी, दुसरा दाराशी. आणि धूर ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय ॲसिड ओतत नाही.

"हे सगळ्यात वर टाकते," त्या म्हणाल्या. मग शेवटी त्यांनी विचारलं, तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर द्या, कंपनी त्याला विचारते. मी दादाचं नाव दिलं. दादाला न विचारता दिलं. मी गेलो तर दुकान बंद पडणार हे त्यालाही कळलं असतं. संध्याकाळी सांगू असं ठरवलं होतं.

इथपर्यंत लिहून दोनदा कागद फाडला आहे.

वहिनी, तो १९ जूनचा दिवस होता.

पंख्याची मोटर जळाली होती आणि दुरुस्तीला दिली होती. सकाळी दादा म्हणाला, "मोटर घिऊन लगेच ये रं. सराफ डोक्यावर बसलाय." तुम्ही दुकानाच्या वर, घरात स्वयंपाकाला लागला होता. मोटर अकरालाच तयार होती. मी ती पिशवीत घातली आणि दुकानाकडे न येता मिस्बाहताईंकडे गेलो. दोन तास बसलो. एकट्याला सोडत नाही, पंख्याशिवाय ओतत नाही, हे मी सांगत होतो तेव्हा ती मोटर माझ्या पायापाशी होती.

दादाने वाट पाहिली असणार. मग सराफासाठी त्याने एकट्यानेच ॲसिड ओतलं. मी आलो तेव्हा तो पायरीवर बसून पाणी पीत होता. म्हणाला, "काय न्हाई रं, जरा ठसका लागला. बसवून टाक पंखा." मी पंखा बसवला. रात्री तो नेहमीसारखा जेवला. पहाटे त्याला श्वास घेता येईना. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, "भावजी, तुमी कुठं हुता?" मी म्हटलं, मोटर वेळेत मिळाली नाही. तेव्हापासून तुम्ही त्या मोटरवाल्याला बोल लावता. त्याचा काही दोष नाही. त्याने चहासुद्धा पाजला होता.

दुकान कायमचं आवरून इकडे गावी आलो, अर्जाचं मी विसरूनच गेलो होतो. जानेवारीत कंपनीची मेल आली. मिस्बाहताईंना फोन करून सांगितलं की दादा आता नाही. त्या म्हणाल्या, दुसरं नाव द्यावं लागेल, काम पाहिलेलं. दुसरं कोण आहे? अकरा वर्षं काट्यावर तुम्ही बसलात. आत जाणारं सोनं तुम्ही तोललं आणि बाहेर आलेलंही तुम्हीच तोललं. मी तुमचं नाव दिलं. तुम्हालाही न विचारता दिलं. म्हणून निदान सोमवारच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं असं वाटलं.

एकट्याला सोडत नाही, ती पहिली ओळ काढून टाका, असंही मी त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग पानावर राहतं काय?" ओळ तशीच आहे.

कंपनीवाले हिंदीत विचारतील, माणूस कामाला कसा आहे, भरवशाचा आहे का. तुम्ही काय सांगावं ते मी सांगणार नाही. त्या दिवसाचं सांगितलंत तरी चालेल. फोन उचलला नाहीत तर मी समजून घेईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण तुम्ही काहीच ठाऊक नसताना माझ्याबद्दल चांगलं बोलावं, ते मला नको होतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

एरवी इथे 'आपला धाकटा दीर' असं लिहितो. आज नुसता
सयाजी


तासगाव,
१७ फेब्रुवारी

भावजी,

वर आशीर्वाद लिवला न्हाई. हात झाला न्हाई.

पत्र शुक्रवारी मिळालं. कुणाला दाखवलं न्हाई. सोनमला तर न्हाईच, तिचा ह्या शुक्रवारी पहिला पेपर हाय. तीन दिवस तुमचं तोंड बघायचं न्हाई असंच ठरवलं हुतं. आज सकाळी फोन बंद करून डब्यात ठिवला हुता. पावणेअकराला काढून चालू केला.

बाईमाणूस बोलत हुती. आदमी काम में कैसा है, म्हणाली. मी म्हटलं, अकरा साल मैंने तोला, सोना गुंजभर कम नहीं आया. तिनं इचारलं, अकेला काम संभालेगा? मी म्हटलं, उसको अकेला मत रखना. और वो किसी को अकेला छोड़ेगा तो मुझे फोन करना. ती म्हणाली, ये तो उसने पहली लाइन में लिखा है. मी म्हटलं, लिखा है तो अब पालेगा.

तुमच्या हातचा कागद वाचून मी एकदा हो म्हटलं हुतं. त्यात त्यांची उंची दोन इंच वाढवून लिवली हुती, मांडवात कळलं. बाकी सगळं खरं निघालं. म्हणून फोन उचलला.

माफीचं इचारू नका. मीबी वरच भाकऱ्या थापत हुते, मलाबी कळलं न्हाई. ते माझं मला बघायचं हाय.

आधी कराडला जावा. त्या मोटरवाल्याला खरं काय ते सांगा, आठ महिने मी त्याला शिव्या दिल्यात. मग जायच्या आधी हिकडं या. जेवून जावा.

खाली वहिनी असं लिवून खोडलं हुतं. परत लिवलंय.

वहिनी